अडकईचे मूळ आणि डॉक्टर वकिलांची नोंदवही

भाईंदरच्या मिठागरांत जिची उमेदीची वर्षे सरली, त्या माझ्या राई गावच्या आत्याचा रक्तदाब प्रथम मोजला गेला तेव्हा पारा १९० वर असताना पहिला ठोका ऐकू आला आणि ठोके विरले ते ११० वर. गोळ्या सुरू झाल्या, दाब उतरला, आणि उतरला म्हणून तिने त्या परस्पर बंद केल्या. मी रागावलो, तेव्हा डबीतला सुका बोंबील तव्यावर टाकीत ती शांतपणे म्हणाली, "बाबू, डोकं दुखत नाय, चक्कर येत नाय, मग ही गोली कोनासाठी खाऊ?" या प्रश्नात या व्याधीचे सारे दुर्घट स्वरूप आले: ज्या रोगाची रोग्याला जाणीवच नाही, त्याचा पुरावा केवळ आकड्यांत असतो.

पाऊणशे वर्षांपूर्वी आकडे कळले तरी इलाज फारसा नव्हता. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, त्या दुपारी त्यांचा दाब ३०० वर १९० च्या घरात होता. आणि जगातील अव्वल वैद्यकसेवा दिमतीस असूनही त्यांच्या चिकित्सकांना मीठ तोडणे, विश्रांती देणे आणि शामक औषधे देणे यापलीकडे फारसे काही करता आले नव्हते. कोणी नुसत्या भातावर आणि फळांवर रोग्यास ठेवी, कोणी मज्जातंतू छेदण्याची अघोरी शस्त्रक्रिया करी.

अशा काळात मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय होता सर्पगंधेचे मूळ, जिला आपल्याकडे अडकई म्हणतात. शोध वकिलांचा नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वैद्यांना हे मूळ पूर्वापार ठाऊक होते. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवर त्याचा उपयोग लिहून ठेवला होता. दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकींनी त्यातील अल्कलॉइडे वेगळी करून एकास हकीम अजमलखानांचे नाव दिले होते. मग वकिलांचे श्रेय कशात? माझ्या मते, त्यांनी मुळाविषयी श्रद्धेने नव्हे तर तपशिलाने लिहिले यात. पन्नास रोग्यांचा औषधापूर्वीचा दाब, औषध चालू असतानाचा दाब आणि ते थांबविल्यानंतरचा दाब, असा हिशेब त्यांनी मांडला. आणि ज्या नियतकालिकात तो मांडला ते लंडन-बोस्टनचे चिकित्सक नित्य उघडीत. ज्ञान आपल्या दप्तरात होतेच. दुसऱ्याला पडताळता येईल असा दाखला मात्र या निबंधाने दिला.

परिणाम त्वरित दिसला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध मागवून अमेरिकेत आजमावले. १९५२ साली बाझलच्या सीबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळातून रिसर्पिन हा शुद्ध पदार्थ वेगळा केला, ज्याची मात्रा मिलिग्रॅमच्या अपूर्णांकांत मोजावी लागे. आणि १९५६ साली रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी तो प्रयोगशाळेत घडविला. मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले, रक्तवाहिन्या आवळणारे नॉरअ‍ॅड्रिनलिन रिसर्पिन रिकामे करते, म्हणून आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. पण हाच रिकामेपणा मेंदूतही होतो, आणि मोठ्या मात्रेने काहींना गाढ विषण्णता येते. हा दोष पुढे जाणवला, तसे औषध मागे पडले. तरी १९६७ साली अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ पुरुषांवर जी चाचणी प्रसिद्ध केली आणि गंभीर रक्तदाबावरील औषधाने आयुष्य वाचते हे जिने निर्विवाद ठरविले, तिच्या औषधत्रयीत रिसर्पिन होते, हे विसरता येत नाही. वकिलांना १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळाले, पुढील साली पद्मभूषण. झाडाच्या वाट्याला मात्र फावडे आले: मूळच हवे असल्याने ते समूळ उपटले जाई, आणि आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आहे. याची मला खंत वाटते.

वकिलांनी १९५५ साली 'सर्क्युलेशन'मध्ये या औषधावरील समग्र वाङ्मयाचा परामर्श घेतला. एकदा लिहून ते थांबले नाहीत. ही चिकाटी मला आत्याच्या घरी रोज आठवते. गोळीचे महत्त्व तिला वाद घालून पटले नाही. पटले ते आकडे एकाखाली एक पाहून. भाताबरोबरचा बोंबील ती आता आठवड्यातून एकदाच, तोही रात्रभर पाण्यात घालून, खाते. तिची नात दर रविवारी दंडाला पट्टा बांधते, फुगा दाबते, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या दिवसाच्या चौकटीत पेन्सिलीने दाब लिहिते. गेल्या रविवारी १३८ वर ८४ होता. आत्याने चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला, मग मागील महिन्याचे पान उलटून त्याच्याशी ताडून पाहिला.