शेजारच्या ताटात जाणारी चांदताऱ्याची बिस्किटे

नागापूरच्या एमआयडीसीलगतच्या वसाहतींत ईदचे ताट एकाच घरात थांबत नाही. शीरखुर्म्याबरोबर शेजारी नानकटाई जाते, आणि हल्ली चांदतारा काढलेली गोड बिस्किटेही. अडचण नक्षीची असते. असे आयसिंग मूळ इंग्रजी पद्धतीत कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यापासून करतात. मग शाकाहारी शेजारीण ते खाणार कशी? घरी केले तर अंडे टाळता येते.

वाटीभर पिठीसाखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर दोनदा चाळावे. लिंबाचे चार थेंब, चहाचे तीन चमचे पाणी. पुढचे पाणी थेंबाथेंबानेच. दूध चालते, पण पाण्याचे जास्त टिकते. रोजा असल्याने चाखण्याची पंचाईत, म्हणून डोळ्यांनीच पारखायचे. चमच्यातून पडलेली धार दहाएक सेकंदांत सपाट झाली, तर ते पसरायला ठीक. किनारीसाठी मात्र घट्टच हवे. रंगाला हळद किंवा बिटाचा रस पुरे. विकतच्या काही लाल रंगांत कोचिनील नावाच्या किड्यांचा अर्क असतो.

कोन मेंदीसारखाच वळायचा. चांदरातीला हातावर मेंदी काढणाऱ्या मुलींना हे शिकवावे लागत नाही! बिस्किट मात्र पूर्ण गार हवे, नाहीतर नक्षी ओघळते.

वाळायला रात्र लागते. 2016 साली ईद जुलैत, ऐन पावसाळ्यात आली होती. अशा दमट हवेत आयसिंग चिकटच राहते. आता रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे. नगरची कोरडी हवा या कामाला उत्तम. रात्री जाळीखाली ठेवलेली बिस्किटे सकाळच्या नमाजापर्यंत डब्यात भरण्याजोगी होतात.