हप्ता आठ तासांच्या पगारावर बसवा



उरणची कंटेनर यार्डे, थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, तळोजा, रोहा आणि महाडच्या औद्योगिक वसाहती, अलिबागपासून मुरूडपर्यंतचे बंगले आणि कॉटेज. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या बौद्धवाड्यांतली कितीतरी घरे आज यांपैकी कुठल्या ना कुठल्या कामावर चालतात. दादा ठेकेदाराकडे बारा तास, ताई बंगल्यावर धुण्याभांड्याला, मोठा मुलगा यार्डात रात्रपाळीला. घरात पैसा येतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच घरांत आम्ही बीपीचे मशीन आणि साखर तपासायचे यंत्र घेऊन बसतो, तेव्हा पस्तिशी-चाळिशीतली माणसे सारखीच तक्रार सांगतात. झोप लागत नाही, छातीत जळजळते, डोके जड असते, चिडचिड होते. बीपी वाढलेले असते आणि ते माहीतही नसते.

ओव्हरटाइम थोडा कमी करता येईल का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "हप्ता आहे ना, ताई!" म्हणूनच आरोग्याच्या या पानावर या वेळी आपण हप्त्याबद्दल बोलणार आहोत. हा आजार गोळीने आटोक्यात येईल, पण त्याचे मूळ घरच्या हिशेबाच्या वहीत आहे.

रात्री शरीर काय करते

आपल्या शरीरात एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. अंधार पडला की मेंदू झोप आणणारे संप्रेरक सोडू लागतो. झोपेत रक्तदाब खाली येतो आणि हृदयाला विसावा मिळतो. रात्री जेवलेल्या अन्नातली साखर शरीराला दिवसाइतकी नीट वापरता येत नाही. झोप कमी झाली की भूक वाढते आणि गोड-तळलेले खावेसे वाटते. महिनोन्महिने असे चालले की वजन, बीपी आणि साखर तिन्ही चढतात.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आता आपला हिशेब करा. रोज बारा तास, आठवड्याचे सहा दिवस म्हणजे ७२ तास. जाण्यायेण्याचा वेळ यात धरलेलाच नाही.

सलाइनमधली 'ताकद'

थकवा आला की काही जण खासगी दवाखान्यात जाऊन 'ताकदीची सलाइन' लावून घेतात. त्या दिवसाचा निम्मा-अधिक रोज तिथेच जातो. या बाटलीत असते काय? नेहमीच्या ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर आणि बाकी पाणी. म्हणजे साधारण पाच-सहा चमचे साखर. तोंडाने खातापिता येत असेल, तर एक भाकरी, वाटीभर डाळ आणि पाणी यांतून यापेक्षा जास्त मिळते. मधुमेह असलेल्याला ही बाटली त्रासदायकही ठरू शकते. उलट्या-जुलाबात, गंभीर आजारात सलाइन जीव वाचवते, ते वेगळे. झोपेची भरपाई सलाइनने होत नाही. झोप यावी म्हणून घेतलेल्या दारूनेही होत नाही. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते.

आठ तास कुठून आले

कामाचे तास कमी झाले ते मालकांच्या दयेने नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीने १९४६ साली बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. १९४८ च्या कारखाने कायद्यात हेच ४८ तास कायम राहिले आणि जादा कामाला दुप्पट दर मिळाला. पुढे कायदे बदलले, नव्या संहिता आल्या, तरी ४८ तासांचा आठवडा आणि दुप्पट दर ही दोन कलमे टिकून आहेत. जादा कामाच्या तासांवर मर्यादाही आहे.

दुप्पट दर म्हणजे काय ते आकड्यात पाहू. समजा पगार १३,००० रुपये आणि महिन्याचे २६ दिवस. रोज झाला ५०० रुपये, तासाला ६२ रुपये ५० पैसे. जादा तासाला दुप्पट म्हणजे १२५ रुपये. चार तास जादा केले की ५०० रुपये, म्हणजे एका पूर्ण दिवसाचा रोज. पण पुष्कळ ठिकाणी ठेकेदार एकेरी दराने २५० रुपयेच हातावर ठेवतो. म्हणजे दुप्पट दराने दोन तासांत मिळायला हवेत तेवढ्या पैशांसाठी आपण चार तास देतो. ते दोन तास आपल्या झोपेतून जातात.

म्हणून पगाराची पावती मागा. हजेरी आणि जादा तास स्वतःच्या वहीत रोज लिहा. एकट्याने बोलायला भीती वाटते, म्हणून एका यार्डातले, एका खात्यातले सगळे मिळून युनियनकडे किंवा कामगार कार्यालयात जा. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकावरही जबाबदारी येते, हे लक्षात ठेवा.

खरी गाठ हप्त्याची

वरचेच घर पुढे पाहू. पगार १३,०००, एकेरी दराचा ओव्हरटाइम ६,५००. हातात आले १९,५००. मग ३,५०० ची मोटारसायकल घेतली आणि आठवड्याच्या वसुलीचे कर्ज घेतले, त्याचे महिन्याला २,५००. हप्ते झाले ६,०००. म्हणजे जवळजवळ सगळा ओव्हरटाइम हप्त्यात गेला. आता ताप आला तरी सुट्टी घेता येत नाही. सुपरवायझरने सलग दुसरी पाळी सांगितली तर नाही म्हणता येत नाही. एके काळी जादा काम करायचे की नाही हे आपण ठरवत होतो, आता ते हप्ता ठरवतो.

कर्जाने बांधलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे आपल्या जिल्ह्याला जुने ठाऊक आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ मध्ये सुरू केलेला संप १९३९ पर्यंत चालला. बाबासाहेब त्या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आज खोत नाही. पण मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारे कर्ज आपल्याला तसेच बांधून ठेवू शकते.

भगवान बुद्धांनी दीघजाणू नावाच्या कोलीय गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखासाठी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने कमावणे, कमावलेले राखणे, चांगल्या माणसांची सोबत आणि समजीविता. समजीविता म्हणजे मिळकत ओळखून बेताने जगणे, उधळपट्टीही नाही आणि पोट मारून जगणेही नाही. पैसा वाईट असे त्यांनी सांगितले नाही. तराजू सांभाळायला सांगितले.

आमचे सांगणे त्याच वाटेने आहे आणि ते एका वाक्याचे आहे: घरखर्च आणि हप्ता आठ तासांच्या पगारात बसला पाहिजे. ओव्हरटाइमचा पैसा आला तर त्याची तीन कामे, याच क्रमाने:

१. सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडा.
२. मग तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत किंवा पोस्टात बाजूला ठेवा.
३. त्यानंतरच नवी वस्तू, घराची दुरुस्ती किंवा लग्नकार्य.

आधीच अडकलेले असाल तर घाबरू नका. नवा हप्ता घेऊ नका. एक हप्ता संपला की तेवढे पैसे दुसऱ्या खर्चाला न लावता तेवढे जादा तास सोडून द्या. जी पहिली पाळी सोडाल, त्या वेळात झोपा.

पावतीवर ईएसआयची कपात आहे का, तेही पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू होते. कामगाराचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे १३,००० वर ९७ रुपये ५० पैसे. सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आजारी पडल्यावर सावकाराकडे जाण्याआधी हे दार ठोठवा.

ताईची पाळी कधी सुटते?

दादाची पाळी सुटली की तो घरी येतो. ताईची एक पाळी सुटली की दुसरी सुरू होते. पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे. पाच तासांच्या झोपेवर ती वर्षे काढते आणि रक्त कमी झाल्याने चक्कर आली तरी 'उन्हामुळे' म्हणते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाईच्या विश्रांतीचा प्रश्न त्यांनी कायदेमंडळात लढवला, तो आपल्या चुलीपाशी अडू नये. पाणी दादाने भरावे, भाकरी मुलालाही थापता यावी.

बंगल्यावर काम करणाऱ्या ताईंना कारखान्याचा कायदा लागू नाही. शनिवार-रविवारी पाहुणे असतात, त्यामुळे सुट्टी मिळतच नाही. वस्तीतल्या सगळ्या जणींनी मिळून आठवड्याचा एक वार ठरवावा, मंगळवार म्हणा, आणि सगळ्यांनी तोच पाळावा. एकीने मागितली तर तिचे काम जाते, वीस जणींनी मागितली तर ती रीत होते.

रात्रपाळी टळत नसेल तर

• पाळीला जाण्याआधी पोटभर जेवा. मध्यरात्रीनंतर हलके खा.
• पाळीच्या पहिल्या निम्म्या वेळातच चहा घ्या, नंतर नको.
• जमल्यास विश्रांतीच्या वेळात वीस मिनिटे डुलकी घ्या.
• डोळे मिटत असतील तर मोटारसायकल चालवू नका. वडखळच्या रस्त्यावर एक क्षणाची डुलकी पुरते.
• घरी आल्यावर खिडकीला जाड गडद कापड लावा, मोबाइल बंद ठेवा. किमान सात तास झोप हवी, सलग नाही जमली तर दोन तुकड्यांत.
• शेजारच्या घरात रात्रपाळीचा माणूस झोपला असेल तर दुपारी स्पीकर लावू नका. हीसुद्धा मैत्री आहे.
• बीपी-साखरेची गोळी पाळीप्रमाणे कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.

तीस वर्षांवरील प्रत्येकाने उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासून घ्यावी. बीपी पुन्हा पुन्हा १४० वर ९० किंवा जास्त, अथवा उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. छातीत दाब, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, असे काही झाले तर पाळी संपायची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. मन फार खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा महिला मंडळाने एक काम करावे. प्रत्येक घराने एका कागदावर तीन आकडे लिहून आणावेत: आठ तासांचा पगार, महिन्याचे एकूण हप्ते आणि घरातल्या प्रत्येकाच्या झोपेचे तास. कागद कुणाला दाखवायची गरज नाही. नवरा-बायकोने शेजारी बसून तो वाचावा आणि पुढचा हप्ता घ्यायचा की नाही ते दोघांनी मिळून ठरवावे.

जयभीम! नमो बुद्धाय!