काम चालू आहे : लेखांक ६
आधी पाया, मग अंदाज

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमधून रुळांलगत कुठे जेसीबी दिसला की डब्यात तर्क सुरू होतात. नवा फलाट होतोय, तिसरी-चौथी मार्गिका येतेय, की हा मेट्रोचा खांब? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यात ही चर्चा वेळ घालवण्यासाठी होत नाही. इथल्या हजारो कुटुंबांचे गृहकर्ज, मुलांच्या शाळेची निवड, नोकरी ठाण्यात शोधायची की नवी मुंबईत, हे सारे त्या एका तर्कावर ठरते. त्यामुळे ‘लोक उगाच अफवा पसरवतात’ असे म्हणून हात झटकणे मला अन्यायाचे वाटते. लोक अंदाज बांधणारच. प्रश्न एवढाच, की अंदाज कशावरून बांधायचा? माझे म्हणणे असे, की घोषणा आणि नकाशा यांना आपण फार वजन देतो, आणि जमिनीत प्रत्यक्ष काय गाडले जात आहे याला फार कमी. ही सवय उलटी करण्याचा उत्तम धडा एका अनपेक्षित ठिकाणी मिळतो : रोलर कोस्टरच्या शौकिनांकडे.

मोठ्या थीम पार्कमध्ये नवा कोस्टर उभा राहत असताना कंपनी बहुधा मौन पाळते. जगभरचे शौकीन मात्र कुंपणाबाहेरून, पार्कमधल्या उंच पाळण्यातून, वाहनतळावर उतरवलेल्या लोखंडी तुकड्यांवरून तो कोस्टर ‘वाचतात’. त्यांची पहिली नजर जाते पायांवर. गाडी उतारावरून खाली येऊन पुन्हा वर वळते त्या खोलगट भागात प्रवाशाला आपले वजन कित्येक पट झाल्यासारखे वाटते. तोच भार रुळांतून खांबात आणि खांबातून जमिनीत उतरतो, म्हणून तिथले काँक्रीटचे पाये भरभक्कम असतात. चढणीच्या रांगेत खांब ठरावीक अंतराने येतात आणि त्यांची उंची क्रमाने वाढत जाते. सरळ रेषेत, जमिनीला धरून बसवलेले बुटके खांब दिसले तर तो भाग गाडीला वेग देण्यासाठी किंवा ब्रेकसाठी असतो. पाया ओतताना वर निघालेल्या बोल्टांची मांडणी पाहून त्यावर बसणारा खांब केवढा आणि कोणत्या दिशेला झुकणारा, याचाही तर्क करता येतो. पुढे रूळ आले की निर्माता ओळखू येतो. आपल्याकडे २०१३ साली खालापूर तालुक्यात सुरू झालेल्या इमॅजिकामधला ‘नायट्रो’ हा सुमारे ४० मीटर उंचीचा, पायाखाली तळ नसलेला कोस्टर बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीचा आहे. दोन गोल रुळांखाली पेटीसारखा चौकोनी कणा ही या कंपनीच्या कामाची खूण, आणि जाणकाराला ती एका तुकड्यावरूनही पटते.

पायानंतर हे शौकीन सार्वजनिक कागद शोधतात. अमेरिकेत २०० फुटांहून उंच काही उभारायचे तर विमान वाहतूक प्रशासनाला आधी कळवावे लागते, त्यामुळे पार्कने तोंड उघडण्याआधीच उंची बाहेर येते. इंग्लंडमधल्या थॉर्प पार्कने आपल्या नव्या कोस्टरसाठी २०२२ मध्ये स्थानिक परिषदेकडे परवानगीचा अर्ज केला, आणि ७० मीटरहून उंच काहीतरी येणार हे सर्वांना समजले. ‘हायपीरिया’ हे नाव घेऊन तो २०२४ मध्ये सुरू झाला. ओहायोमधल्या सीडर पॉइंटने २०१६ मध्ये ‘मीन स्ट्रीक’ हा जुना लाकडी कोस्टर बंद केला. काही महिन्यांत त्याच्या लाकडी सांगाड्यावर नवे पोलादी रूळ चढताना बाहेरून दिसू लागले, आणि त्या रुळांच्या घडणीवरून काम कोणत्या कंपनीचे, याचाही उलगडा झाला. अधिकृत घोषणा २०१७ च्या ऑगस्टमध्ये झाली आणि ‘स्टील व्हेंजन्स’ २०१८ मध्ये धावू लागला. यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बांधकामावरून आकार, उंची, निर्माता हे ओळखता येते, पण नाव आणि उद्घाटनाची तारीख ओळखता येत नाही. पुरावा कुठवर बोलतो आणि कुठे गप्प होतो, ही मर्यादा चांगला शौकीन काटेकोरपणे पाळतो.

आता हीच फूटपट्टी आपल्या पट्ट्याला लावू. कल्याणनंतर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्थानके जवळजवळ आहेत. अंबरनाथ ते बदलापूर मात्र सुमारे आठ किलोमीटरचे अंतर. मधल्या चिखलोलीला स्थानक हवे ही जुनी मागणी. कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचा सुमारे १४ किलोमीटरचा प्रकल्प २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘एमयूटीपी ३-अ’ मध्ये आला आणि चिखलोली त्याला जोडले गेले. इथे जागा ताब्यात येऊन प्रत्यक्ष काम सुरू झाले आहे. म्हणजे आता पाहायचे ते काम कोणत्या पायरीवर आहे. रेल्वेत आधी मोऱ्या आणि पूल होतात, मग थराथराने दाबलेला मातीचा भराव, मग खडी, स्लीपर, रूळ, त्यानंतर ओव्हरहेड वायरचे खांब आणि सिग्नल, आणि शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी. भराव दिसतो पण नाल्यावरची मोरी अपुरी आहे, तर त्या टप्प्यावर रूळ जोडले जाणार नाहीत, पुढारी कोणतीही तारीख सांगोत. फलाटाची लांबीही बोलते. १२ डब्यांच्या लोकलला साधारण २६० मीटर लागतात आणि १५ डब्यांच्या गाडीला सव्वातीनशे. पावलांनी मोजूनही हा फरक कळतो.

कांजूरमार्ग ते बदलापूर या सुमारे ३८ किलोमीटरच्या मेट्रो १४ ची गोष्ट वेगळी. ती नकाशात आहे, अहवालात आहे, घरांच्या जाहिरातींत तर ठळक आहे. हा लेख लिहीत असताना बदलापुरात तिचा एकही खांब नाही. कल्याणच्या मेट्रो ५ चा उल्हासनगरकडे विस्तार करण्याची घोषणाही याच पायरीवरची. मेट्रो ५ चे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते कल्याणमध्ये झाले, पण प्रत्यक्ष काम आधी ठाणे-भिवंडी टप्प्यात उभे राहिले आणि कल्याणचा टप्पा मागे राहिला. भूमिपूजन कुठे झाले यावरून काम कुठून सुरू होणार हे ठरत नाही, याचे याहून जवळचे उदाहरण नको. रस्त्याच्या कडेला तिकाटणे रोवून कोणी जमिनीत भोक पाडत असेल तर ‘मेट्रो आली’ असे लगेच म्हटले जाते. ते माती परीक्षण असते, आणि प्रकल्प अहवाल तयार करण्यासाठीही ते करावे लागते. खरी खूण वेगळी : पत्र्याचे कुंपण, जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि केबल हलवण्याचे काम, उंच मास्टचे पायलिंग यंत्र आणि शेजारी आडवे ठेवलेले सळ्यांचे गोल पिंजरे. हे सारे एकत्र दिसेपर्यंत अंदाज राखून ठेवावा.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. थीम पार्कच्या मालकाकडे जमीन स्वतःची, पैसा स्वतःचा. पाया घातला की कोस्टर होतोच. सार्वजनिक काम पाया घातल्यावरही अडकते. हे खरे आहे आणि त्याचा पुरावा आपल्या दारातच आहे. ऐरोली-कळवा जोडमार्गामुळे कल्याणपलीकडच्या प्रवाशांना ठाण्यात न उतरता नवी मुंबईला जाता येणार होते. त्यातले दिघा गाव स्थानक बांधून पूर्ण झाले, १२ जानेवारी २०२४ रोजी सुरूही झाले. पुढचा कळव्याकडचा उन्नत भाग मात्र मार्गातल्या वस्त्यांच्या पुनर्वसनाशी अडला. म्हणून आपल्याकडे पायाच्याही आधी एक पुरावा धरावा लागतो : जागा कोणाच्या ताब्यात आहे. उल्हासनगरसारख्या दाटीवाटीच्या शहरात, जिथे निर्वासितांच्या छावण्यांपासून वस्ती वाढत गेली, तिथे हा प्रश्न सर्वांत कठीण असणार. आक्षेपामुळे पद्धत मोडत नाही, तिच्यात एक पायरी वाढते.

दुसरा आक्षेप खिशाचा. पाया दिसेपर्यंत थांबलो तर घराचे भाव हाताबाहेर जातील, असे लोक म्हणतात. भाव घोषणेबरोबरच वाढतात, हे मान्य. पण म्हणूनच घोषणेवर घर घेणारा माणूस न आलेल्या मेट्रोची किंमत आजच मोजतो आणि पुढची कित्येक वर्षे रोज सकाळी त्याच भरलेल्या लोकलमध्ये चढतो. ‘मेट्रोपासून पाच मिनिटांवर’ म्हणणारा बिल्डर करारनाम्यात मेट्रोची हमी देत नाही, देऊही शकत नाही. जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद रेरा कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे खरी, पण ‘प्रस्तावित’ या शब्दाच्या आड पुष्कळ काही लपते. घर आजच्या लोकलवर, आजच्या पाण्यावर आणि आजच्या रस्त्यावर परवडत असेल तर घ्यावे. मेट्रो आली तर ती भर समजावी.

सामान्य माणसाने हे कागद शोधायचे कुठे, असेही विचारले जाते. विशेष रेल्वे प्रकल्पासाठी जमीन घ्यायची असेल तर रेल्वे कायद्याच्या कलम २०-ए खाली राजपत्रात अधिसूचना निघते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यांतले एक स्थानिक भाषेतले. हरकतीसाठी ३० दिवस मिळतात. कलम २०-ई ची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारच्या नावे होते. पहिल्या अधिसूचनेपेक्षा ही दुसरी घोषणा कितीतरी भरवशाची खूण आहे. तरीही नागरिकाने राजपत्र चाळत बसावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. प्रत्येक कामाच्या जागी जागेचा ताबा, निविदा आणि चालू टप्पा या तीन गोष्टी मराठीत लिहिलेला फलक लावणे रेल्वेला, एमएमआरडीएला आणि तिन्ही शहरांच्या पालिकांना मुळीच अवघड नाही. प्रवासी संघटनांनी पुढच्या निवेदनात तारखेची मागणी करण्यापेक्षा या फलकाची मागणी करावी. पुढच्या लेखांकात २०-ए ची अधिसूचना ओळीओळीने वाचू. ज्यांच्या जमिनी मार्गिकेलगत आहेत त्यांनी आपला सातबारा हाताशी ठेवावा.