पंख्याच्या भरवशावरचं घर

सुमारे 400 किलोमीटर उंचीवरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज चुकीचा आहे. तिथेही ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं. पण स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पृथ्वीभोवती पडत राहतात, म्हणून वजन जाणवत नाही. मग खाली पडणं, वर जाणं, ओघळणं यांतलं काहीच आपोआप होत नाही. बरीचशी कामं पंख्याकडून करून घ्यावी लागतात.

झोप

गरम हवा वर जाते, म्हणून इथे आपला उच्छ्वास नाकापुढे रेंगाळत नाही. तिथे ‘वर’ असं काही नाही. हवा खेळती नसेल तर कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचतो आणि डोकं दुखू लागतं. त्यामुळे कपाटाएवढ्या खोलीत, भिंतीला बांधलेल्या झोळीत पंख्याची घरघर ऐकत झोपायचं.

शौचालय

सगळ्यांना विचारायचं हेच असतं. लघवी नळीच्या नरसाळ्यात करायची, हवेचा झोत ती आत ओढतो. शौचाच्या भांड्यातही ओढ हवेचीच. पाय अडकवून बसायचं, नाहीतर माणूसच तरंगत निघायचा. मैला डब्यात बंद होतो आणि मालवाहू यानासोबत वातावरणात जळून जातो. लघवी, घाम आणि श्वासातली वाफ मात्र शुद्ध करून पुन्हा प्यायला. 2023 मध्ये नासाने असं 98 टक्के पाणी परत मिळवून दाखवलं.

कपडे

धुणं नाहीच. मळेपर्यंत वापरायचे आणि टाकून द्यायचे. जून 2024 मध्ये अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर निघाले, तेव्हा स्थानकावरचा लघवी शुद्धीकरणाचा पंप बिघडला होता. नव्या पंपाला जागा व्हावी म्हणून दोघांच्या बॅगा खालीच राहिल्या. आठवड्याभराचा तर मुक्काम! तो 286 दिवसांपर्यंत लांबला. ऑगस्टमधल्या मालवाहू यानातून कपडे येईपर्यंत त्यांनी स्थानकावरच्या जादा कपड्यांवर भागवलं. पंप आधी, कपडे नंतर, हा हिशेब मला पटतो.

जेवण

पावाचा चुरा डोळ्यांत, यंत्रांत शिरतो, म्हणून तिथे पोळीसारखे टॉर्टिया चालतात. मीठ-मिरपूडही पातळ. शरीरातले द्रव डोक्याकडे सरकून नाक चोंदतं, जेवण अळणी लागतं आणि तिखट सॉसला मागणी येते. अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी 2025 मध्ये गाजर हलव्यासोबत आमरसही नेला होता.

व्यायाम

एरवी वजन पेलणारी हाडं तिथे महिन्याला 1 ते 1.5 टक्के घनता गमावतात. त्यावर उपाय म्हणजे रोज सुमारे दोन तास व्यायाम. जड डंबेल तिथे निरुपयोगी, म्हणून निर्वात सिलिंडरचा ताण देणारं यंत्र वापरतात. घाम ओघळत नाही, अंगावरच थर धरतो. तो टॉवेलने टिपायचा आणि टॉवेल हवेत वाळू द्यायचा, कारण त्यातलं पाणीही वाया घालवायचं नसतं.