शक्ती-ट्रान्झिस्टर आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यामधील सांधा

शक्ती-ट्रान्झिस्टरची निवड करताना त्याची विद्युत्प्रवाह व विद्युत्दाब सहन करण्याची मर्यादा काळजीपूर्वक तपासली जाते. परंतु तो ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवावयाचा, तेथील सांध्याकडे पुष्कळदा केवळ फिटरचे काम म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ट्रान्झिस्टरचे आयुष्य बव्हंशी या सांध्यावर अवलंबून असते. येथे स्क्रूचे कार्य ट्रान्झिस्टर जागेवरून हलू न देणे एवढेच नाही. दोन पृष्ठभागांवर पुरेसा दाब निर्माण करणे आणि तो उपकरणाच्या संपूर्ण आयुष्यात टिकवून धरणे, हे त्याचे खरे कार्य होय.

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग परस्परांवर ठेवले, तरी प्रत्यक्षात ते थोड्याच उंचवट्यांवर टेकतात. उरलेल्या जागेत हवा असते. हीटसिंकसाठी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमची उष्णतावाहकता दर मीटर-अंशास सुमारे २०० वॅट, तर हवेची केवळ ०.०२६ वॅट आहे. म्हणजे हवा जवळजवळ आठ हजारपट मंद वाहक ठरते. उष्णतावाहक ग्रीजची वाहकता १ वॅटच्या आसपास असते. धातूच्या मानाने ती अल्प असली तरी हवेच्या सुमारे चाळीसपट आहे. यावरून ग्रीजचा थर किती असावा हेही स्पष्ट होते. ग्रीजने हवेची जागा घ्यावी, धातूची नव्हे. जाड थर लावल्यास लाभाऐवजी हानीच होते.

एका उदाहरणाने या सांध्याचे महत्त्व ध्यानात येईल. अनेक दशके प्रचारात असलेल्या २एन३०५५ या ट्रान्झिस्टरमध्ये संधिस्थानापासून धातूच्या आवरणापर्यंतचा उष्णतारोध दर वॅटला सुमारे १.५ अंश आहे. त्याचे आवरण हेच कलेक्टर असल्यामुळे आवरण व हीटसिंक यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ वॉशर घालावा लागतो. हा वॉशर कोरडाच बसविला तर सांध्याचा रोध सुमारे १.३ अंश भरतो. दोन्ही बाजूंस ग्रीज लावल्यास तो सुमारे ०.४ अंशावर येतो. ट्रान्झिस्टरमध्ये ३० वॅट उष्णता निर्माण होत आहे, हीटसिंकचा रोध १.५ अंश आहे आणि पेटीतील हवा ५० अंश सेल्सिअस तापलेली आहे, असे मानू. ग्रीज लावलेल्या सांध्यात संधिस्थानाचे तापमान १५२ अंश होईल, तर कोरड्या सांध्यात १७९ अंश. या ट्रान्झिस्टरची मर्यादा २०० अंश असल्याने तो तत्काळ निकामी होणार नाही. परंतु दुर्लक्षिलेल्या एका थरापायी सुरक्षिततेचे अंतर ४८ अंशांवरून २१ अंशांवर आले. प्लॅस्टिकच्या आवरणातील कित्येक ट्रान्झिस्टरांची मर्यादा १५० अंशच असते, हे लक्षात घेता या फरकाचे गांभीर्य कळून येईल.

वरील गणितात हवेचे तापमान ५० अंश धरले, ते अवास्तव नाही. नाशिक येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या आसपास जातो आणि बंद पेटीतील हवा बाहेरच्या हवेहून सहज दहा अंश अधिक तापते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे विरळ हवेचा परिणाम होईल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या उंचीवर हवेची घनता सुमारे ६ टक्के कमी असते, परंतु नैसर्गिक अभिसरणाने होणारे उष्णतावहन त्यामुळे सुमारे ३ टक्केच घटते. तात्पर्य, येथे चिंता उंचीची नसून तापमानाची आणि हीटसिंकच्या पंखांवर साचणाऱ्या धुळीची करावयास हवी.

स्थिर तापमानाहूनही तापमानातील चढउतार सांध्याला अधिक घातक असतात. याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्याच्या वेशीवरच आढळते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग ३७ मीटरला १ मीटर अशा तीव्र चढाचा आहे. गाडीच्या मागे जोर देणारी इंजिने लावून तो चढावा लागतो. त्रिकला पद्धतीच्या आधुनिक विद्युत्-इंजिनांत शक्ती-ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार असलेले आयजीबीटी वापरतात. घाट चढताना त्यांच्यावरील भार वाढतो आणि माथ्यावर आल्यावर तो उतरतो. हे चक्र दर फेरीला घडते. नाशिक रोड येथील भारतीय रेल्वे विद्युत् अभियांत्रिकी संस्थेत रेल्वेचे विद्युत् अभियंते प्रशिक्षण घेतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही.

चढउतारांनी सांधा सैल का होतो? एका अंशास अ‍ॅल्युमिनियम दशलक्षात सुमारे २३ भाग, तांबे १७ भाग व पोलाद १२ भाग प्रसरण पावते. आरपार जाणाऱ्या पोलादी स्क्रूने आवळलेला सांधा तापला की मधला धातू स्क्रूपेक्षा अधिक फुगतो व स्क्रूवरील ताण वाढतो. विद्युत्-विलगतेसाठी घातलेला नायलॉनचा बुश या वाढीव ताणाखाली उष्णतेने हळूहळू चेपतो. सांधा निवल्यावर तो पूर्ववत होत नाही, आणि दाब पूर्वीहून कमी उरतो. दाब कमी झाला की रोध वाढतो. रोध वाढला की तापमान वाढते. आणि पुढील चक्र अधिक तीव्र होते. यावर उपाय म्हणून नटाखाली बशीच्या आकाराचा स्प्रिंग-वॉशर घालतात. जाडीत थोडा फरक पडला तरी तो दाब बव्हंशी कायम राखतो.

अतिरिक्त आवळणेही तितकेच घातक. ३ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूला ०.६ न्यूटन-मीटर पीळ दिल्यास सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतका दाब उत्पन्न होतो. टीओ-२२० आवरणात स्क्रू पट्टीच्या एका टोकास असतो, तर सिलिकॉनची चकती दुसऱ्या टोकाकडे. पीळ अधिक झाल्यास पट्टी वाकून चकतीखालची बाजूच उचलली जाते. म्हणून अशा ठिकाणी चकतीच्या बरोबर वर दाब देणारी स्प्रिंग-पट्टी अधिक श्रेयस्कर ठरते.

प्रत्यक्ष काम करताना छिद्राच्या कडेला उठलेली बर प्रथम काढून टाकावी. हीटसिंकवरील रंग सांध्याच्या जागी खरवडून काढावा. ॲनोडायझिंगचा थर विद्युत्-रोधक असला तरी त्यावर विसंबू नये, कारण एका ओरखड्याने तो भेदला जातो. ट्रान्झिस्टरचे पाय आधी वाकवावेत, स्क्रू आवळावा आणि डाग शेवटी द्यावा. अन्यथा आवळताना पायांवर ताण येतो. पहिल्या काही तापचक्रांत ग्रीज बाहेर सरकते, म्हणून त्यानंतर स्क्रू पुन्हा एकदा तपासावा.

सांधा नीट बसला की नाही, हे मोजून ठरविता येते. परिपथ जोडण्यापूर्वी आवरण व हीटसिंक यांच्यामधील विद्युत्-विलगता मेगरने पाहावी. नंतर भार देऊन दोहोंच्या तापमानांतील फरक औष्णिक युग्माने मोजावा व त्यास वॅटने भागावे. वरील उदाहरणात ३० वॅटला हा फरक १२ अंशांच्या आसपास असावयास हवा. तो २५ अंश आढळल्यास सांधा उघडून पुन्हा बसविणे हाच मार्ग होय. हा आकडा उपकरणाच्या नोंदवहीत पहिल्या दिवशीच लिहून ठेवला, तर वर्षभरानंतरच्या मापनाशी त्याची तुलना करता येते, आणि ट्रान्झिस्टर जळण्यापूर्वीच सांध्याचा दोष उघडकीस येतो.