कार्ब्युरेटरमधला कचरा आणि पेट्रोलची गळती

फ्लशच्या टाकीत फुगा वर आला की पाणी आपोआप बंद होतं, हे मुलांना कधी दाखवलंय? जुन्या प्रीमिअर पद्मिनीच्या कार्ब्युरेटरमध्येही हेच घडतं, फक्त पाण्याऐवजी पेट्रोल. (वर्गात मात्र फ्लशची टाकीच दाखवा, पेट्रोल नको!)

पंपाने ढकललेलं पेट्रोल एका छोट्या कप्प्यात येतं. पातळी वाढली की प्लावक बलामुळे फ्लोट वर उचलला जातो आणि टोकदार नीडल पेट्रोलची वाट बंद करते. आता तिथे गंजाचा एक बारीक कण अडकला तर? नीडल नीट बसत नाही, पेट्रोल येतच राहतं आणि कप्पा भरून बाहेर सांडतं. जवळच तापलेला एक्झॉस्ट असतो. म्हणून वास आला की लगेच इंजिन बंद करा, "घरी जाऊन बघू" नको.

बरेच जण कार्ब्युरेटरला पान्याने हलकेच ठोकतात. कण सुटतो, गळती थांबते आणि काही दिवसांनी परत सुरू! खरं तर इंजिन गार झाल्यावर, बॅटरीची वायर काढून झाकण उघडायला हवं. गाळ काढा, नीडल आणि तिची बैठक साफ करा. नीडलच्या टोकाला गोल चरा पडला असेल तर नवीच टाका. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, मग दोष कचऱ्याचा नाहीच.

कचरा बहुतेकदा उभ्या गाडीच्या गंजलेल्या टाकीतून येतो. टाकी धुऊन फिल्टर बदलला नाही, तर तेच झाकण पुन्हा उघडावं लागतं.