लालबागच्या खोलीतून पणजोबांच्या गावी

गिरणगावातल्या आम्हा कोकण्यांना आजोबांपर्यंतची नावं पाठ, त्यामागे सगळा अंधार. शोध घरातूनच सुरू करा: जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला. मग गावकऱ्यांची मुंबईतली सामाईक खोली गाठा. तिथले म्हातारे कागदांपेक्षा पक्के!

खरा खजिना म्हणजे गाव नमुना 14, अर्थात कोतवाल बुक. जन्ममृत्यूच्या या नोंदी तहसील कचेरीत मागा. जुनी पानं बहुधा मोडी लिपीत, आणि आडनाव असेलच असं नाही. बापाच्या नावावरून माणूस ओळखावा लागतो. शेजारची गावंही तपासा, सोयरीक तिथेच व्हायची. पूर्वज त्र्यंबकेश्वरला गेले असतील तर तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघाच. छापील कुलवृत्तांतांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं. मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत न्या.